तिला विमान उडवायचं नाही, त्यावर लिहायचंय

प्रश्न: माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. लहानपणापासून तिला लढाऊ विमानांचं वेड. चष्म्याचा नंबर मोठा, त्यामुळे पायलट होणं जमणार नाही हे तिनं दोन वर्षांपूर्वीच मान्य केलं. आता म्हणते, मी लढाऊ विमानांवर लेख आणि पुस्तकं लिहीन. आम्ही म्हणतो, आधी इंजिनीअरिंग कर. यावरून घरात रोज वाद. असं करिअर खरंच असतं का? त्यात पोट भरतं का? तिच्या आईला तर यात काही धोका आहे का, हीच काळजी. तिची एक वही सोबत पाठवतो आहे, बघून सांगा.

उत्तर: वही आधी वाचली, पत्र नंतर. त्यामुळे उत्तरही वहीपासूनच सुरू करतो.

पान ३१ वर मिग-२५ हे सोव्हिएत लढाऊ विमान आहे. 'कमाल वेग मॅक ३.२', म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ३.२ पट, लाल शाईत, खाली दोन रेघा. हा आकडा तिच्या मनचा नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इजिप्तवरून उडणाऱ्या एका मिग-२५ चा वेग इस्रायली रडारवर एवढा दिसला, असं सांगतात. मात्र त्या उड्डाणात इंजिनं कामातून गेली, हेही त्याच गोष्टीत पुढे येतं. पायलटला घालून दिलेली मर्यादा मॅक २.८३ ची होती. पहिला आकडा वाचून डोळे विस्फारतात, दुसऱ्यावरून ते विमान कळतं. या दोहोंतला फरक वाचकाला नीट समजावून देणं, हे या लेखकाचं रोजचं काम. तुमच्या मुलीनं पहिला आकडा उतरवून घेतलाय. सतराव्या वर्षी सगळे तेच करतात, त्यात वावगं काही नाही.

याच विमानाची पुढची गोष्ट तिला शोधून काढायला सांगा. त्याचे मोठे पंख बघून पाश्चात्त्य जाणकारांनी ठरवून टाकलं होतं की हे अतिशय चपळ लढाऊ विमान असणार. ६ सप्टेंबर १९७६ रोजी व्हिक्टर बेलेंको हा सोव्हिएत पायलट ते घेऊन थेट जपानच्या हाकोदाते विमानतळावर उतरला. विमान खोलून बघितलं तर त्याचा सांगाडा बहुतांशी निकेलयुक्त पोलादाचा, म्हणजे चांगलाच जड. रडारमध्ये व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या नळ्या. पंख मोठे होते ते हे वजन पेलायला! एफ-११७ चंही तेच. अमेरिकेच्या या गुप्त स्टेल्थ, म्हणजे रडारला सहसा न दिसणाऱ्या, विमानाचं नाव 'एफ-१९' असणार आणि ते गोलाईदार असणार, हे सगळ्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की १९८६ मध्ये त्याचं जोडायचं प्लॅस्टिक मॉडेलसुद्धा बाजारात आलं. नोव्हेंबर १९८८ मध्ये खरा फोटो जाहीर झाला. नाव वेगळं, आणि विमान असं कोनाकोनांचं, जणू कुणी पैलू पाडलेत. 'नक्की' म्हणून लिहिणाऱ्यांची पंचाईत झाली, 'असावं' म्हणणारे सुटले. या लिखाणात 'असावं' हा शब्द जपून ठेवावा लागतो.

आता पोटाचं. नुसत्या पुस्तकांवर घर चालवणारे लोक या क्षेत्रात आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही बरीच वर्षं घासल्यानंतर. बाकीच्यांची कमाई तुकड्यातुकड्यांतून जुळते. थोडे लेख, थोडं संपादन, एखाद्या संग्रहालयाचं काम, विमान कंपन्यांसाठी तांत्रिक लेखन, संरक्षण क्षेत्राचे अहवाल. रॉबर्ट डॉर या अमेरिकन लेखकाचा पहिला मानधन मिळालेला लेख १९५५ मध्ये छापून आला, वय सोळा. पुढे ते हवाई दलात कोरियात होते, मग १९६४ ते १९८९ अशी पंचवीस वर्षं परराष्ट्र खात्यात नोकरी. लिहिणं मात्र कधी थांबलं नाही, नावावर सत्तरहून अधिक पुस्तकं आहेत. दुसरा मार्ग बिल गन्स्टन यांचा. ब्रिटिश हवाई दलात पायलट होते, १९५१ मध्ये 'फ्लाइट' या साप्ताहिकाच्या संपादकीय विभागात शिरले आणि हयातभर या विषयातून बाहेर पडले नाहीत. मला विचाराल तर तुमच्या मुलीसाठी डॉर यांचा रस्ता बरा. नोकरी एक, लिहिणं दुसरं, आणि दोन्ही खरी. साप्ताहिकात पगारी जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण अशा जागा पूर्वीही मोजक्याच होत्या आणि आता आणखी आटल्यात.

त्यामुळे तुमच्या घरातल्या वादाचा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. इंजिनीअरिंग की लेखन, असा हा सामना नाहीच. एरोनॉटिकल इंजिनीअरिंग तिला मनापासून आवडणार असेल तर ते लेखनाच्या कामीच येईल. इंजिन तापलं की काय होतं हे जिला माहीत आहे, तिला कंपनीचं माहितीपत्रक सहसा फसवू शकत नाही. पत्रकात विमानाचा पल्ला लिहिलेला असतो, तो बऱ्याचदा जादा टाक्या लावून, शस्त्रं न घेता, एका तळावरून दुसऱ्या तळावर नुसतं जाण्याचा. शस्त्रं घेऊन जायचं, काम करायचं आणि परत यायचं, तर अंतर फारच कमी भरतं. ही मेख इंजिनीअरला पटकन दिसते. पण गणिताशी तिचं जमत नसेल आणि केवळ तुमच्या समाधानासाठी ती चार वर्षं ढकलणार असेल, तर इतिहास घेऊ द्या. सोबत एक परकी भाषा मात्र हवीच. रशियन, फ्रेंच, जर्मन, कुठलीही एक, पण कागदपत्रं वाचता येतील इतकी पक्की. इंग्रजीतलं सगळ्यांनी वाचून झालंय.

एक आठवण सांगतो. या कामाला लागण्यापूर्वी मी एका मासिकात उपसंपादक होतो. एका फ्रेंच लढाऊ विमानाच्या फोटोखाली मी 'मिराज ३' असं छापलं. विमान होतं मिराज ५. अंक निघाल्यावर चारच दिवसांत निवृत्त मेकॅनिकचं पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच शब्द होते, 'नाक बघा.' मिराज ५ मधून मोठं रडार काढून टाकलं होतं, म्हणून त्याचं नाक लांब आणि निमुळतं असतं. मी नाक बघितलंच नव्हतं, फोटोच्या पाकिटावर कुणीतरी लिहिलेलं नाव तसंच उतरवलं होतं. संपादक ओरडले नाहीत. ते कार्ड त्यांनी माझ्या टेबलावर काचेखाली ठेवलं आणि वर्षभर ते तिथेच होतं. या क्षेत्रातला वाचक हा असा असतो. त्यानं त्या विमानाचे बोल्ट हातानं पिळलेले असतात, तो शैलीला भुलत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या मुलीच्या स्वभावाला जड जाईल, असं वहीवरून वाटतं. तिला वीर आवडतात. कुठल्या पायलटनं शत्रूची किती विमानं पाडली, याचे आकडे तिनं अभिमानानं मांडलेत. १५ सप्टेंबर १९४० रोजी, ब्रिटनच्या हवाई लढाईत, ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. युद्धानंतर जर्मनांच्या नोंदी तपासल्या तेव्हा आकडा साठच्या आसपास निघाला. कुणी खोटं बोललं नव्हतं. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, तिघांनीही ते पडताना पाहिलं, तिघांनी मोजलं. हे लिहिताना त्या मुलांचं शौर्य तसूभरही कमी होत नाही, पण लिहायला धीर लागतो, कारण वाचक नाराज होतो. कधीकधी ज्या म्हाताऱ्या पायलटनं आपल्याला चार तास मुलाखत दिली, तोही नाराज होतो.

तिच्या आईला सांगा, बसून लिहिणाऱ्याला धोका नाही. जेफ्री एथेल हे अमेरिकन लेखक ६ जून १९९७ रोजी पी-३८ हे जुनं विमान उडवताना ऑरेगॉनमधल्या टिलामूकला अपघातात गेले, पण ते स्वतः पायलट होते. खरी जपण्याची गोष्ट गोपनीयतेची. जवळजवळ प्रत्येक देशात त्याचा कायदा आहे आणि 'मला एकानं सांगितलं' हा बचाव होत नाही. तिनं सुरुवात जुन्या, खुल्या झालेल्या कागदांवरूनच करावी.

तर मुली, आता तुझ्याशी. पुढच्या सहा महिन्यांत विमानांच्या प्रकारांवर एक ओळही लिहू नकोस. एकच विमान घे, प्रकार नव्हे, एक विमान, ज्याच्या शेपटीवर स्वतःचा क्रमांक आहे. कुठल्याही संग्रहालयातलं चालेल. कारखान्यातून कधी निघालं, कुठल्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीत, गेलं, किती वेळा आपटलं, कुणी दुरुस्त केलं, शेवटचं कधी उडालं, हे सगळं शोध. ब्रिटिश विमान निवडलंस तर लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वाड्रनांच्या रोजच्या नोंदवह्या आहेत, वर्ग 'एआयआर २७'. त्यांच्या प्रती इंटरनेटवरून घरी उतरवून घेता येतात. अक्षर भयंकर असतं, सवय होते. आणि बोलायला पायलट शोधू नकोस, त्यांच्याकडे सगळेच जातात. एखादा मेकॅनिक शोध. प्रत्येक वाक्याशेजारी समासात लिही, हे तुला कुठून कळलं. दीड हजार शब्दांत लेख बसव आणि मला पाठव.

वही परत पाठवतो आहे. पान ३१ वर पेन्सिलीनं खूण केली आहे. पान ४४ वरचं मिराजचं चित्र सुरेख आहे, पण नाव पुन्हा तपास.