रक्त कमी आहे, पण कशामुळे?

रक्तक्षयाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे मुद्दामच छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ३८ असून आमची कोरडवाहू शेती आहे. यंदा कापूस वेचताना फार दम लागू लागला, म्हणून तपासणी केली तेव्हा हिमोग्लोबिन ८.२ निघाले. सरकारी दवाखान्यातून लाल गोळ्या मिळाल्या, पण त्यांनी मळमळ होऊन शौचाला काळे होऊ लागले, म्हणून मी त्या बंद केल्या. पाळी सात-आठ दिवस चालते व अंगावरून जास्त जाते. शेजारच्या बाया म्हणतात की दोन सलाईन लावून घे, रक्त भरून येईल. रिपोर्टची झेरॉक्स सोबत जोडली आहे.
— एक शेतकरी भगिनी, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, सलाईनवर पैसे घालवू नका. त्या बाटलीत मीठ किंवा साखर घातलेले पाणी असते, लोह नसते. त्यामुळे तासाभराची तरतरी येते, पण रक्तात काहीच भर पडत नाही.

तुमच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या खाली ‘एमसीव्ही’ अशी एक ओळ आहे आणि तिच्यापुढे ६६ हा आकडा आहे. तांबड्या पेशीचा सरासरी आकार सांगणारा हा आकडा साधारणपणे ८० ते १०० असावा लागतो. पेशी इतक्या लहान असणे आणि त्यासोबत अनेक वर्षे पाळीत जास्त रक्त जाणे, या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या तर लोहाच्या कमतरतेचीच शक्यता सर्वांत जास्त वाटते. शक्य असेल तर फेरिटिनची तपासणी करून घ्यावी, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा किती उरला आहे ते कळेल. आपल्या भागात सिकलसेलची (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजाराची) तपासणीही एकदा व्हायलाच हवी. ती सरकारी दवाखान्यात होते.

ज्या लाल गोळ्या तुम्ही बंद केल्या, त्याच तुमचे खरे औषध आहेत. त्यांत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड (नव्या रक्तपेशी घडायला लागणारे जीवनसत्त्व) असते. न शोषले गेलेले लोह बाहेर पडते म्हणून शौचाचा रंग काळा होतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र शौच डांबरासारखे चिकट व अतिशय दुर्गंधीयुक्त असेल तर ते आतड्यातील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते आणि तेव्हा ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. मळमळ होत असेल तर गोळी उपाशीपोटी न घेता रात्री जेवणानंतर घ्या. तरीही सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतील लोह अधिक चांगले शोषले जाते, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे. चहा गोळीच्या आधी व नंतर किमान तासभर घेऊ नका, कारण चहातले टॅनिन लोहाला अडवून धरते. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती दिवसाच्या दुसऱ्या वेळी घ्या. लिंबू, आवळा किंवा संत्र्याची एखादी फोड सोबत असली तर लोह जास्त शोषले जाते. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या फेरस ॲस्कॉर्बेटच्या महाग गोळ्या काही जणींना अधिक सोसतात हे खरे, परंतु दवाखान्यात फुकट मिळणारी गोळी नियमाने घेतली तर तीही पुरेसे काम करते, हे मी आग्रहाने सांगतो.

तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने वाढायला हवे. ते १२ च्या वर गेले की बहुतेक जणी गोळ्या सोडून देतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा तिथेच येतात; रिकामा झालेला साठा भरून निघण्यासाठी त्यानंतरही साधारण तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात. महिनाभर नीट घेऊनही आकडा हलला नाही, तर आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे शिरेतून द्यायचे लोह असते. तेही सलाईनमध्येच मिसळून देतात, पण ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते.

पाळीचा स्राव मात्र थांबवलाच पाहिजे, नाहीतर वरून भरायचे आणि खालून गळायचे अशी गत होईल. सोनोग्राफी करून गर्भाशयात गाठी आहेत का ते पाहा; ट्रॅनेक्झामिक ॲसिडसारख्या गोळ्यांनी स्राव कमी करता येतो. शेतात अनवाणी चालणाऱ्यांच्या पायातून आकडीकृमी शरीरात शिरतात आणि आतड्यातून रक्त शोषतात, म्हणून अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळीही घ्यावी. अंबाडी, मुंगना, चवळी, तीळ हे सारे जरूर खा, परंतु ८.२ वरून वर येण्यासाठी केवळ आहार पुरणार नाही.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सिकलसेल (एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला) आहे. हिमोग्लोबिन सातच्या आसपासच असते. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया सुरू केले आहे, पण गावात लोक म्हणतात की ते कॅन्सरचे औषध आहे. शिवाय रक्त कमी असूनही तिला लोहाच्या गोळ्या का देत नाहीत?
— एक पालक, कुरखेडा तालुका

उत्तर : भाऊ, तुमच्या मुलीच्या शरीरात लोहाचा तुटवडा आहे असे गृहीत धरता येत नाही. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर सिकलची पेशी विळ्यासारखी वाकून १० ते २० दिवसांत फुटते, आणि फुटलेल्या पेशीतले लोह शरीरातच राहते. वारंवार रक्त चढवलेल्या मुलांमध्ये तर ते इतके साठते की डेफेरासिरॉक्ससारखे औषध देऊन ते बाहेर काढावे लागते. म्हणून फेरिटिन कमी असल्याचे तपासणीत दिसल्याशिवाय लोह देऊ नये. फॉलिक ॲसिड मात्र तिला रोज हवे, कारण नव्या पेशी सतत घडवाव्या लागत असल्याने ते लवकर संपते. शिवाय तिच्यासाठी सात हा आकडा दारव्ह्याच्या ताईंच्या आठसारखा नाही. तिचे नेहमीचे हिमोग्लोबिन किती असते, हे तुम्ही लिहून ठेवले पाहिजे आणि त्याहून अचानक खाली गेले तर धाव घेतली पाहिजे.

हायड्रॉक्सियुरिया रक्ताच्या काही कर्करोगांत वापरतात, हे खरे आहे. परंतु सिकलमध्ये ते वेगळ्याच कामासाठी देतात. गर्भात असताना बाळाच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असते, त्याचे प्रमाण या औषधाने वाढते आणि ते असले की पेशी सहजासहजी वाकत नाहीत. त्यामुळे हाडे दुखण्याचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ, दोन्ही कमी होतात. परिणाम दिसायला काही महिने लागतात, तेव्हा लोकांचे ऐकून मध्येच सोडू नका. त्याने पांढऱ्या पेशी व प्लेटलेट कमी होऊ शकतात, म्हणून सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तातील पेशींची मोजणी) करणे अत्यावश्यक आहे. वजन वाढले की मात्राही बदलते.

तिला भरपूर पाणी पाजा, थंडीत अंग उबदार ठेवा, न्यूमोनियाची लस राहिली असेल तर द्या. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून दम लागला, किंवा डाव्या बरगडीखाली पोट अचानक फुगून मुलगी पांढरीफटक पडली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. तुमच्या भागात हिवताप असतो, आणि प्रायमाक्विन हे त्यावरचे औषध जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांच्या पेशी फोडते; म्हणून ते देण्यापूर्वी ही तपासणी झाली आहे का, हे विचारा.

तुम्ही दोघे पती-पत्नी बहुधा वाहक असाल, म्हणजे प्रत्येकाकडे या आजाराचा एकेक जनुक असेल. तसे असल्यास प्रत्येक गर्भारपणात २५ टक्के शक्यता याच आजाराची असते, तेव्हा इतर मुलांचीही तपासणी करून घ्या. वाहकाला औषध लागत नाही आणि तो आजारी नसतो; त्याला किंवा तिला गावाने दोष देऊ नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

प्रश्न : सहा महिने लोह घेऊनही माझे हिमोग्लोबिन १०.४ च्या वर जात नाही. फेरिटिन चांगले आहे. सिकल निगेटिव्ह आहे.
— एक विद्यार्थिनी, वर्धा

उत्तर : लोह थांबवा आणि एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी करून त्यातला ए२ हा प्रकार किती आहे ते पाहा. ते ३.५ टक्क्यांहून जास्त निघाले तर तुम्हाला थॅलेसेमिया मायनर असण्याची, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तुम्ही वाहक असण्याची शक्यता आहे. त्यावर औषध नको, पण लग्न ठरताना जोडीदाराचीही तपासणी हवी.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा निवृत्त शिक्षक, माळकरी. अकरा वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतो. हिमोग्लोबिन ९.४, एमसीव्ही ११२. तळपायांना मुंग्या येतात. मेडिकलवाल्याने फॉलिक ॲसिड दिले आहे.
— एक वाचक, काटोल

उत्तर : गुरुजी, एकटे फॉलिक ॲसिड आजपासून थांबवा. तुमच्या पेशी मोठ्या आहेत, आहारात मांस-अंडी नाहीत आणि मेटफॉर्मिनने बी१२ या जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते; या तिन्ही गोष्टी बी१२ च्या कमतरतेकडे बोट दाखवतात. मोठ्या पेशींच्या रक्तक्षयाची एक महत्त्वाची उकल आपल्याच राज्यात झाली. १९२८ च्या सुमारास मुंबईत आलेल्या ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरांनी गिरणी कामगार गर्भवतींमधला हा आजार यीस्टच्या अर्काने बरा होतो असे दाखवले, आणि पुढे त्यातला घटक म्हणजे फॉलिक ॲसिड ठरले. परंतु बी१२ ची उणीव असताना फॉलिक ॲसिड दिले तर हिमोग्लोबिन सुधारलेले दिसते आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. बी१२ ची पातळी तपासून घ्या. कमी असल्यास १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने आधी थोड्या थोड्या दिवसांनी आणि नंतर महिन्याला एक अशी देतात; त्यानंतर अनेकांना रोजच्या गोळीवर राहता येते. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. अशक्तपणा काही आठवड्यांत जाईल, मुंग्या मात्र जायला महिने लागतात, आणि उपचाराला जितका उशीर होईल तितक्या त्या कायमच्या राहण्याची भीती वाढते, म्हणून ही तपासणी याच आठवड्यात करा.