पोर्शची बॉक्स्टर ९८६ गाडी: सुरू करताच पांढरा धूर, ऑइलचं झाकण निघता निघत नाही. इंजिन गेलं का?

बहुधा नाही. आधी एअर-ऑइल सेपरेटर तपासा. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागात) झिरपतोच. त्यातलं तेल वेगळं करून तो वायू इनटेककडे (इंजिन हवा ओढतं त्या मार्गाकडे) सोडणं हे सेपरेटरचं काम. आतला रबरी पडदा फाटला की इनटेकची ओढ थेट क्रँककेसला लागते, म्हणून झाकण घट्ट बसतं. तेलही ओढलं जातं आणि धूर होतो.

अंदाजाने सुटे भाग बदलू नका, मोजा. ऑइल भरण्याच्या तोंडावर मॅनोमीटर (दाब मोजायचं उपकरण) लावा. गरम इंजिन आयडलवर असताना साधारण ५ इंच पाणी (दाब मोजायचं एकक) इतका व्हॅक्यूम, म्हणजे ओढ, ठीक. ९ च्या पुढे गेला तर सेपरेटर गेलाच समजा. व्हॅक्यूमऐवजी दाब दिसला, तर मात्र सेपरेटरची नळी तुंबलीय का ते बघा, मग रिंगांसाठी लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमधून हवा किती गळते ती चाचणी).

थंड इंजिन सुरू करताना क्वचित येणारा धूर या आडव्या सिलिंडरच्या इंजिनात साहजिकच, त्याने घाबरू नका. पण ढगासारखा धूर येऊन थांबत नसेल, तर कृपया गाडी चालवू नका. सिलिंडरमध्ये तेल साचलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.