कुऱ्हाड एकाने मारली, मग गाडी चालवणाऱ्यावर खुनाचं कलम कसं?

दादा, तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादात खून झाला, वार दुसऱ्याने केला, तुमच्या चुलतभावाने त्याला फक्त मोटरसायकलवर वावरापर्यंत नेलं, तरी खुनाचा आरोपी म्हणून तोही आत आहे. मी यवतमाळकडे फौजदारी वकिली करतो. धुऱ्यावरून उभारी-कुऱ्हाड निघाल्याच्या फाईली माझ्या कपाटात बऱ्याच आहेत.

‘त्यानं हात लावला नाही’ एवढ्यावर भागत नाही. आधी दोषारोपपत्रात भारतीय न्याय संहितेतल्या खुनाच्या कलम 103 ला काय जोडलंय ते बघा. 3(5) म्हणजे सामाईक इरादा. 190 म्हणजे गैरकायद्याची मंडळी, त्याला किमान पाच माणसं लागतात. 61 म्हणजे कट, त्याला दोघंही पुरतात. घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर हीच कलमं जुन्या भारतीय दंड संहितेतली 34, 149 आणि 120-ब, आणि खुनाचं 302. (फिर्यादीत चार नावं असली की पाचवं कुठून येतं, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.)

तुमच्या भावाचं प्रकरण बहुतेक 3(5) वर फिरेल. इथे लोक चुकतात. दोघांच्या मनात एकच राग असणं वेगळं आणि दोघांनी मिळून एक बेत धरणं वेगळं. हा फरक सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी हैदराबाद राज्यातल्या पांडुरंगच्या खटल्यात स्पष्ट केला. ते आपल्या नागपूरचेच मुख्य न्यायाधीश होते. शेतात गेलेल्या एका माणसावर पाच जण कुऱ्हाडी-काठ्या घेऊन तुटून पडले, तो मेला. तरी न्यायालय म्हणालं, आधी मनं जुळल्याचा पुरावा दाखवा, नाहीतर ज्याने जे केलं तेवढंच त्याच्या माथी. बेत आदल्या रात्रीच ठरायला हवा असं मात्र नाही, जागेवर क्षणात ठरला तरी चालतो. तो वारापूर्वी ठरलेला हवा आणि त्यात भावाचा काहीतरी हातभार हवा.

म्हणून बारीक गोष्टी विचारा. कुऱ्हाड गाडीवर उघडी होती की पोत्यात गुंडाळलेली? भाऊ नंतर कुठे थांबला? माझ्या एका खटल्यात मी साक्षीदाराला उलटतपासात विचारलं, गाडी चालू होती की बंद? तो म्हणाला, ‘बंद, स्टँडवर, तोंड वावराकडं.’ पळायच्या तयारीतला माणूस रस्त्याकडे तोंड करून इंजिन चालू ठेवतो. चालवणारा सुटला. उलट पानठेल्यावर दोघांचं बेताचं बोलणं कुणी ऐकलेलं असेल तर बंद इंजिनही वाचवत नाही.

61 लावलं असेल तर गोष्ट जड. खुनासाठी दोघांचं ठरलं, तिथेच गुन्हा पुरा होतो. ठरवताना कागद कोणी करत नाही, म्हणून फोनचा सीडीआर (कोणी कोणाला कधी कॉल केला याची नोंद), पैशाची देवाणघेवाण, भेटी यांची साखळी जोडतात. नुसते कॉल म्हणजे कट नव्हे, शेजारी शेजाऱ्याला रोज फोन करतोच.

‘मुख्य आरोपीनं ठाण्यात त्याचं नाव सांगितलं’ म्हणून धीर सोडू नका. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही. मॅजिस्ट्रेटपुढे दिली तरी सहआरोपीची कबुली कच्चा पुरावा. गोंदियातल्या बालकाच्या खुनाचा काश्मिरा सिंगचा खटला वकिलाला वाचायला सांगा. 1952 चा, तोही बोस यांचाच. सहआरोपीच्या कबुलीवर फाशीची शिक्षा झालेली, ती उठली आणि फक्त पुरावा नष्ट केल्याची शिक्षा राहिली.

आता दोषारोपपत्राची पूर्ण नक्कल, सगळ्या साक्षीदारांचे जबाब आणि जागेचा पंचनामा घ्या. पंचनाम्यात गाडी कुठे सापडली, ते वकिलाला आधी दाखवा.