टीसीपीवरच्या आरपीसी लायब्ररीत लोकल सॉकेट घालायचंय, नुसतं एएफ आयनेट बदलून भागेल का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की प्रोजेक्टसाठी सी प्लस प्लसमध्ये छोटी आरपीसी लायब्ररी (म्हणजे एका प्रोसेसनं दुसऱ्या प्रोसेसमधलं फंक्शन बोलवायची सोय) लिहिलीस, ती टीसीपीवर नीट चालते, आता क्लायंट आणि सर्व्हर दोन्ही एकाच लिनक्स मशिनवर आहेत म्हणून लोकल सॉकेट घालायचंय, तर सॉकेट उघडताना एएफ आयनेटच्या (आयपी पत्त्यांची फॅमिली) जागी एएफ युनिक्स (लोकल म्हणजेच युनिक्स सॉकेटची फॅमिली, जिथं पत्ता म्हणजे फाइलचा पाथ) लिहिलं की झालं का, आणि वेगात किती फरक पडेल. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे असं लिहिलंयस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको.

दहा-पंधरा ओळी बदलल्या की चालू होतंय, हे खरं आहे. आणि चालू होतंय म्हणूनच माणूस गाफील राहतो. मी पण राहिलो होतो.

मी कोल्हापुरात वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करतो. म्हणजे साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या येतात, भरलेली गाडी एका काट्यावर चढते, ऊस टाकून रिकामी झाली की दुसऱ्या काट्यावर, आणि दोन्हीची वजाबाकी पावतीवर येते. एका मशिनवर एक प्रोसेस सिरियल पोर्टवरनं काट्याचं वजन वाचती, दुसरी पावती छापती, अजून दोन-तीन किरकोळ, आणि सगळ्यांचं आपापसातलं बोलणं आमच्याच एका घरगुती आरपीसी लायब्ररीतनं, लोकलहोस्टवर टीसीपी. कुणीतरी म्हणालं एकाच मशिनवर टीसीपी कशाला, आणि ते बरोबरच होतं. लोकलहोस्टचं टीसीपी मशिनच्या बाहेर जात नाही, कर्नलच्या आतच फिरतं, पण फिरतं मात्र सगळ्या रस्त्यानं, सिक्वेन्स नंबर, अ‍ॅक, विंडो, राउटिंग, सगळं. रंकाळ्यावरनं महाद्वार रोडला जायला कावळा नाक्यावरनं वळसा घातल्यासारखं, गाव सोडलं नाही पण पेट्रोल गेलं.

तर मी सॉकेटची फॅमिली बदलली, पत्त्याच्या स्ट्रक्चरमध्ये पाथ भरला, टेस्ट हिरव्या झाल्या, खूश झालो. टेस्टमध्ये क्लायंट एकच होता हे मागनं कळलं. कारखान्यावर दोन काट्यांचे दोन क्लायंट जोडले आणि भरलेल्या गाडीचं वजन रिकाम्या गाडीच्या काट्याच्या स्क्रीनवर दिसायला लागलं. रात्रीची वेळ, गेटबाहेर ट्रॉल्यांची रांग, ड्रायव्हर हॉर्न मारायलेत, आणि मी लॉग उघडून बसलोय. लॉगमध्ये क्लायंटचा पत्ता म्हणून प्रत्येक ओळीत कचरा.

कारण काय, तर आमच्या सर्व्हरमध्ये कनेक्शनचा एक मॅप होता आणि त्याची की म्हणजे समोरच्याचा आयपी आणि पोर्ट जोडून केलेली स्ट्रिंग. टीसीपीत ती प्रत्येक क्लायंटला वेगळी असती, कारण कर्नल प्रत्येकाला वेगळा पोर्ट देतो. युनिक्स सॉकेटवर क्लायंट सहसा बाइंड करतच नाही, म्हणजे स्वतःचा पत्ता घेतच नाही, त्यामुळं अ‍ॅक्सेप्टमधनं सर्व्हरला क्लायंटचा जो पत्ता मिळतो त्यात नावच नसतं, लिनक्सवर लांबी २ बाइट येते, म्हणजे नुसती फॅमिली. सगळे क्लायंट बिननावाचे, सगळ्यांची की एकच, दुसरा आला की पहिल्याला पुसून टाकतोय. लॉगमधला कचरा पण तिथलाच, पत्ता छापणारं फंक्शन डोळे झाकून आयपीच्या स्ट्रक्चरमध्ये कास्ट करत होतं. म्हणून पहिलं काम हे कर, तुझ्या कोडमध्ये होस्ट आणि पोर्ट हे दोन शब्द कुठं कुठं आलेत ते ग्रेप करून (शोधून) बघ. सॉकेट उघडायच्या जागी ते असणारच, ते सोपं आहे. खरी घाण लॉगमध्ये, मॅपच्या कीमध्ये, रिट्राय करणाऱ्या कोडमध्ये, आणि "फक्त १२७ नं सुरू होणाऱ्या आयपीलाच परवानगी" असल्या तपासण्यांमध्ये असती. कनेक्शनला स्वतःचा वाढता नंबर दे, पत्ता फक्त दाखवायला वापर.

पत्ता लिहायची पद्धत पण आत्ताच ठरव. होस्टच्या जागी पाथ आणि पोर्टच्या जागी शून्य असला जुगाड करू नको, सहा महिन्यांनी तुलाच शिव्या घालशील. एकच स्ट्रिंग घे, सुरुवातीला टीसीपी कोलन किंवा युनिक्स कोलन, पुढं पत्ता. जीआरपीसीत (गूगलच्या आरपीसी लायब्ररीत) पण युनिक्स कोलन आणि पुढं पाथ असंच आहे. याच्या उलट उदाहरण पाहिजे तर मायएसक्यूएल, तिथं लोकलहोस्ट लिहिलं की लिनक्सवर क्लायंट गुपचूप सॉकेट फाइलकडं जातो आणि १२७.०.०.१ लिहिलं की टीसीपीनं जातो, आणि दोन्ही एकच समजून किती पोरांनी किती रात्री घालवल्यात हे कुठल्याही पीएचपीवाल्याला विचार. असली जादू आपल्या लायब्ररीत नको.

आता मुद्द्याचं. पोर्ट हा कर्नलच्या वहीतला एक नंबर आहे, प्रोसेस मेली की कर्नल स्वतः खोडून टाकतो. युनिक्स सॉकेट ही डिस्कवर दिसणारी फाइल आहे, ती कोण तयार करणार, कुठं ठेवणार, कोण उघडणार आणि कोण पुसणार हे सगळं आता तुझ्या अंगावर. १९८३ च्या फोर पॉइंट टू बीएसडीत सॉकेट आले तेव्हापासनं हे असंच आहे.

पुसण्यापासनं सुरू करू. सर्व्हर किल मायनस नाइननं (प्रोसेस जबरदस्तीनं मारायची कमांड) मेला, किंवा लाइट गेली (आणि सॉकेट रॅमवरच्या डिरेक्टरीत नव्हता), तर फाइल तशीच पडून राहती. परत सर्व्हर चालू केला की बाइंड म्हणतं, अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज. टीसीपीची सवय असलेला माणूस लगेच रियूज अ‍ॅड्रेसचा ऑप्शन लावून बघतो, त्याचा इथं काडीचा उपयोग नाही. मग सगळे जण करतात ते म्हणजे बाइंडच्या आधी अनलिंक, म्हणजे जुनी फाइल पुसणं. चालतं, पण चुकून सर्व्हर दोनदा चालू केलास तर दुसरा पहिल्याची फाइल उडवून स्वतःची बसवतो, पहिला जिवंतच राहतो, जुने क्लायंट त्याला चिकटलेले आणि नवे क्लायंट दुसऱ्याकडं, आणि एरर कुठंच नाही. टीसीपीवर दुसरा सर्व्हर बाइंडलाच आपटला असता, म्हणजे ही सुरक्षा तू हातानं काढून टाकलीस.

काही जण आधी कनेक्ट करून बघतात, कनेक्शन रिफ्यूज्ड आलं तर फाइल मेलेली समजून पुसतात. बरं आहे, पण दोन सर्व्हर एकदम चालू झाले तर मधल्या फटीत घोटाळा होतोच. मी शेवटी असं केलं, सॉकेटच्या शेजारी एक लॉक फाइल, तिच्यावर फ्लॉक (कर्नलचं फाइल लॉक), एक्सक्लुझिव्ह म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारा आणि न थांबणारा. लॉक मिळालं तर दुसरा सर्व्हर नाही हे पक्कं, मग बिनधास्त अनलिंक आणि बाइंड. नाही मिळालं तर मेसेज देऊन बाहेर. प्रोसेस कशीही मेली तरी कर्नल लॉक सोडतो. (सर्व्हरनं फोर्क करून पोरं, म्हणजे चाइल्ड प्रोसेस, काढली असतील तर त्यांच्याकडं लॉकचा डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलचा नंबर, जाऊ देऊ नको, नाहीतर पोरगं जिवंत असेपर्यंत लॉक सुटत नाही.) लॉक फाइल मात्र कधी पुसायची नाही, ती रिकामी पडून राहू दे.

पाथच्या लांबीचं ऐकून लोक हसतात पण हे लई जणांना नडलंय. लिनक्सवर पाथला १०८ बाइट, मॅकवर १०४, बास. एसटीआरएनकॉपी या फंक्शननं पाथ भरलास तर जास्तीचं गपचूप कापलं जातं, आणि गंमत म्हणजे सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही सारखंच कापतात म्हणून चालतं पण, फक्त फाइल भलत्याच नावानं तयार होते. लांबी मोज आणि जास्त असेल तर स्पष्ट एरर दे. आणि मर्यादा बाइटची आहे, अक्षरांची नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, "कोल्हापूर" एवढ्यातच २७ बाइट गेले. मराठी नावाच्या फोल्डरात प्रोजेक्ट ठेवला असशील तर तिथनंच सुरुवात कर.

कुठं ठेवायचं? टेंपमध्ये (/tmp) नको. एक तर तिथं कुणीही आपल्या सर्व्हरच्या नावानं आधीच फाइल करून बसू शकतो, आणि दुसरं म्हणजे सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) सर्व्हिसला प्रायव्हेट टेंप लावलेलं असलं की तिचं टेंप वेगळं आणि तुझं टर्मिनलमधलं टेंप वेगळं. सर्व्हर म्हणतो फाइल आहे, क्लायंट म्हणतो नाही, आणि दोघंही खरं बोलतायत. मी यात अख्खी दुपार घालवली. रनखाली (/run) स्वतःची डिरेक्टरी कर, सिस्टिमडीत रनटाइम डिरेक्टरीची एक ओळ लिहिली की सर्व्हिस चालू होताना ती आपोआप तयार होते आणि बंद झाली की जाते.

परवानगीचं म्हणशील तर हाच युनिक्स सॉकेट घालायचा सगळ्यात मोठा फायदा, वेगापेक्षा मोठा. लोकलहोस्टच्या पोर्टला मशिनवरचा कुठलाही युजर जोडू शकतो. इथं लिनक्सवर कनेक्ट करायला फाइलवर राइटची परवानगी लागते आणि वरच्या डिरेक्टऱ्यांमधनं आत जाता आलं पाहिजे. बाइंड आणि लिसन यांच्या मध्ये सीएचमॉड कर (फाइलची परवानगी ठरव), कारण लिसन होईपर्यंत कुणी जोडूच शकत नाही. तरी जुन्या काही युनिक्सवर सॉकेट फाइलची परवानगी बघतच नव्हते, म्हणून डिरेक्टरीच आवळून ठेवलेली बरी. वर लिनक्सवर एसओ पीअरक्रेड हा सॉकेटचा ऑप्शन विचारला की समोरच्याचा युजर आयडी, ग्रुप आणि पीआयडी (प्रोसेसचा नंबर) कर्नल स्वतः सांगतो, क्लायंटला खोटं बोलता येत नाही. आमच्या लॉगमध्ये आता आयपीच्या जागी हेच येतं. पीआयडीवर मात्र भिस्त ठेवू नको, प्रोसेस मेली की तोच नंबर दुसऱ्याला मिळू शकतो.

बारीक सारीक: टीसीपी नोडिले (छोटे मेसेज न थांबवता लगेच पाठवायचा ऑप्शन) लावणारी ओळ इथं एरर देईल, ती ट्रान्सपोर्ट बघून लाव. मेसेजच्या आधी लांबी लिहायचं फ्रेमिंग तसंच राहू दे, लोकल आहे म्हणून एका राइटचा एक रीड होतो असं नाही, स्ट्रीम तो स्ट्रीमच. क्लायंटच्या रिट्रायमध्ये आता "कनेक्शन रिफ्यूज्ड" बरोबर "नो सच फाइल" पण धर, कारण सर्व्हर चालू व्हायच्या आधी फाइलच नसती. आणि नॉनब्लॉकिंग (न अडकणारा) कनेक्ट करत असशील तर टीसीपीत ईइनप्रोग्रेस येतं आणि आपण पोलवर (सॉकेट तयार झाल्याचं कळेपर्यंत) थांबतो, इथं सर्व्हरची रांग भरली असेल तर ईअगेन येतं, त्यावर पोल करून काही होत नाही, थोडं थांबून परत कनेक्ट करावं लागतं. हे लोडखालीच दिसतं, टेबलावर कधी नाही.

वेगाचं विचारलंयस. छोट्या छोट्या कॉलला फरक पडतो, आणि दर कॉलला नवीन कनेक्शन उघडत असशील तर टाइम वेटमध्ये (कनेक्शन बंद झाल्यावर टीसीपी पोर्ट थोडा वेळ राखून ठेवतं त्यात) अडकलेल्या पोर्टांची कटकट पण जाती, कारण पोर्टच नाहीत. पण आमच्याकडं मोजलं तर बराच वेळ जेसनच (मेसेजचा मजकूर बनवणं आणि वाचणं) खात होतं, सॉकेट नाही. आधी मोज, मग रिपोर्टमध्ये लिही.

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट सॉकेट म्हणून एक प्रकार आहे, नावाच्या सुरुवातीला शून्य बाइट, फाइलच नाही, पुसायची भानगड नाही. छान वाटतं, पण फक्त लिनक्सवर आणि फाइलची परवानगी लागूच होत नाही, म्हणजे ज्याच्यासाठी आलो तेच गेलं. विंडोजवर २०१८ पासनं विंडोज १० मध्ये एएफ युनिक्स आहे, स्ट्रीम चालतो, डिस्क्रिप्टर पाठवणं वगैरे नाही. तुला दोन्हीची सध्या गरज दिसत नाही.

टेस्टमध्ये क्लायंट किमान दोन ठेव आणि दोघांना वेगवेगळी उत्तरं अपेक्षित ठेव. एक टेस्ट सर्व्हरला किल मायनस नाइन करून लगेच परत चालू करणारी, एक सर्व्हर दोनदा चालू करणारी, दुसरा बाहेर पडलाच पाहिजे. आणि तुझ्या कनेक्शन मॅपची की काय आहे ते आधी बघून खाली लिही, मला दाट शंका आहे.