काका, अँगल फाइंडर घ्या, पण हप्त्यावर नको

साताऱ्याच्या एका काकांचा प्रश्न आलाय. वय ५८, गुडघे कुरकुरतात, कॅमेरा निकॉन डी ७२००, कासच्या पठारावर जाऊन सीतेची आसवं, दवबिंदू असली बोटभर उंचीची फुलं टिपायचा नाद. आडवं पडून व्ह्यूफाइंडरला डोळा लावणं आता जमत नाही म्हणून वरून वाकून बघता येईल असा निकॉनचा डीआर-६ अँगल फाइंडर घ्यायचाय, दुकानदार १६,५०० सांगतोय, "नो कॉस्ट" ईएमआय (म्हणजे म्हणे बिनव्याजी हप्ते) ६ महिने. मुलगा म्हणतो एफडी मोडा आणि सरळ मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा) घ्या, सव्वा लाख.

काका, आधी मुलाचं बघू. रिटायरमेंटला २ वर्षं राहिलीत आणि एफडी हीच तुमची अडीअडचणीची पुंजी आहे असं तुम्हीच लिहिलंय, तर ती मोडायची नाही, विषय संपला. मुदतीआधी मोडली की व्याज कापतात ते वेगळंच.

आता डीआर-६. वस्तू चांगलीये, तुमच्या चौकोनी आयपीसला (डोळा लावायच्या खिडकीला) बसते, (गोल आयपीसवाल्यांना डीआर-५ लागतो, दुकानदार कधीकधी हाताला येईल तो काढून देतात, बघून घ्या), चित्र सरळच दिसतं, उलटंपालटं नाही, आणि २ एक्सवर (दुप्पट मोठं) केलं की फोकस नीट तपासता येतो, फक्त तेव्हा फ्रेमचा मधलाच भाग दिसतो. चष्म्याच्या नंबरचं सेटिंगही आहे. पण तुम्ही कासला जाता सीझनला ४ वेळा, म्हणजे ३ वर्षांत १२ फेऱ्या, १६,५०० भागिले १२ केलं तर फेरीमागे १,३७५ पडतात, साताऱ्याहून जाण्यायेण्याच्या पेट्रोलपेक्षा जास्त! शिवाय मिररलेसवर ही वस्तू काही कामाची नाही, त्यामुळे उद्या विकायला काढली तर गिऱ्हाईक कमीच.

ते नो कॉस्ट म्हणजे काय, तर रोखीने घेतलं असतं तर मिळालं असतं ते डिस्काउंट गेलं, वर प्रोसेसिंग फी, आणि क्रेडिट कार्डावर घेतलं तर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलंय की झिरो टक्के व्याज असं काही नसतंच.

माझं म्हणाल तर पहिल्या फेरीला एक रुपया खर्चू नका. तुमच्या कॅमेऱ्यात वायफाय आहे, निकॉनचं ॲप फोनवर टाका, कॅमेरा छोट्या बीनबॅगवर जमिनीलगत ठेवा आणि उभ्यानेच फोनमध्ये फ्रेम बघून क्लिक करा. (बीनबॅग म्हणजे घरच्या जुन्या फुलपँटच्या पायात तांदूळ भरून शिवली तरी चालते, काकूंना विचारून.) उन्हात फोन नीट दिसत नाही, चित्र जरा उशिरा येतं, वाऱ्यात फूल हललं की चिडचिड होते, बॅटरीही लवकर उतरते, हे सगळं खरंय. तरी २ फेऱ्या करून बघा.

नाहीच जमलं तर सेकंडहँड डीआर-६ शोधा, ६-७ हजारांत मिळाला तर रोख देऊन घ्या, मात्र उजेडाकडे धरून आतल्या काचेत बुरशीची जाळी नाही ना ते बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. चायनीज ३,५०० चा पण चालेल, कडा जरा धूसर दिसतात आणि क्लिप सैल बसते म्हणतात, म्हणून दुकानात स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सीझनला अजून ५ महिने आहेत, दर महिन्याला १,३०० वेगळे काढत चला. तोवर मुलाला सांगा, मिररलेस हवाच असेल तर त्याच्या पगारातून घे म्हणावं.