वाचकांचे प्रश्न : छोट्या लॅपटॉपवर लिनक्स, मराठी आणि कन्नड

प्रश्न : पुण्याच्या भाच्याने त्याचा जुना दहा इंची लॅपटॉप दिलाय. आत ॲटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम आणि विंडोज एक्सपी. सुरू व्हायलाच इतका वेळ घेतो की मुलगी कंटाळून उठते. ती मराठी माध्यमात दहावीला आहे. प्रकल्पाचं लिखाण मराठीतून आणि कन्नडच्या तासाचं कन्नडमधून, असं दोन्ही टाइप करायला शिकायचंय तिला. यावर लिनक्स चालेल का? आमच्या भागात नेटचा भरवसा नाही.
– एक पालक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : चालेल, ताई. मुलीला जे करायचंय त्यासाठी हे यंत्र पुरेसं आहे. भंगारात घालू नका.

आधी मर्यादा सांगतो. एन२७० हा ३२ बिटचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा प्रोसेसर आहे. उबुंटू या लिनक्सच्या प्रसिद्ध प्रकाराने ३२ बिटची साथ केव्हाच सोडली आणि क्रोम तर ३२ बिट लिनक्सवर २०१६ पासून येत नाही. डेबियन हा लिनक्सचा दुसरा प्रकार, पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ लाही ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. म्हणून डेबियन १२ घ्यायचं, त्यातलं 'आय३८६' (i386, म्हणजे ३२ बिट) असं लिहिलेलं. फायरफॉक्सची १४४ ही ३२ बिट लिनक्सवरची शेवटची आवृत्ती ठरली. डेबियनमध्ये 'ईएसआर' नावाचा फायरफॉक्स मिळतो, त्याला मोझिलाने किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत साथ द्यायचं ठरवलंय. तेव्हा ऑनलाइन तास, बँकेचे व्यवहार, मोठे व्हिडिओ यांची अपेक्षा या यंत्राकडून ठेवू नका. लिहिणं, वाचणं, पीडीएफ, हिशेबाचे तक्ते, गाणी ऐकणं एवढं ते नीट करेल.

थोडा खर्च झेपत असेल तर तो दोन ठिकाणी करा. खालचं झाकण उघडून रॅमची पट्टी २ जीबीची बसवून घ्या. बहुतेक एन२७० यंत्रं त्याहून जास्त घेतच नाहीत, त्यामुळे दुकानदार मोठी दाखवत असेल तर नको म्हणा. दुसरं, फिरती हार्ड डिस्क काढून अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घाला. सगळ्यात मोठा फरक इथेच जाणवतो. आणि झाकण उघडलंच आहे तर घड्याळाचा छोटा सेलही बदलून घ्या. तो संपला की प्रत्येक वेळी तारीख कुठल्या तरी जुन्या सालावर जाते, मग ब्राउझर एकेक साइट 'असुरक्षित' म्हणून अडवत बसतो आणि माणूस विनाकारण वायफायला दोष देतो. माझ्याकडे अशी 'नेट चालत नाही' म्हणून आलेली यंत्रं नुसत्या सेलवर सुरू झाली आहेत.

नेटचं म्हणाल तर बेळगावला आलात की कुणाच्या ब्रॉडबँडवरून 'डीव्हीडी-१' ही पूर्ण प्रत उतरवून घ्या. छोटी 'नेट-इन्स्ट' प्रत घेऊ नका, ती निम्मं सामान नेटवरूनच मागते. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅमने ती चढवा. रूफसने विचारलं तर 'डीडी' पद्धत निवडा. घरी लॅपटॉप चालू करताना एस्केप किंवा एफ-२ दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करा. चार्जर लावलेलाच ठेवा. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज कशी जाते ते मी सांगायला नको, म्हणून बॅटरी अजिबात धरत नसेल तर इन्व्हर्टर असलेल्या घरी बसून हे काम करा.

'ग्राफिकल इन्स्टॉल' निवडलंत तर सगळे प्रश्न मराठीतून येतात. नुसत्या 'इन्स्टॉल'मध्ये मराठी दिसत नाही. कीबोर्डचा प्रश्न आला की मात्र 'अमेरिकन इंग्लिश'च घ्या. पासवर्ड इंग्रजीत राहिला पाहिजे, नाहीतर लॉगिनच्या चौकटीतच अडकायला होतं. डेस्कटॉपच्या यादीत एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवर खूण करा, ग्नोम या जड डेस्कटॉपवरची काढा. पुढे नेट मिळेल तेव्हा 'झेडरॅम-टूल्स' हे पॅकेज घाला. ते रॅममधला मजकूर दाबून बसवतं, त्यामुळे १ जीबीत जरा हातपाय हलवता येतात.

पडदा १०२४ बाय ६०० चा असेल. काही खिडक्या त्याहून उंच निघतात आणि 'ओके'चं बटण खाली गडप होतं. तेव्हा ऑल्ट दाबून धरा आणि माउसने खिडकी वर ओढा. हे मुलीला पहिल्याच दिवशी दाखवा.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हा सगळा खटाटोप करायला सांगतोय. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट, म्हणजे बटणांची मांडणी. 'सिस्टिमचे डिफॉल्ट वापरा' ही खूण काढा आणि इंग्रजीखाली साधा 'इंडियन' व साधा 'कन्नड' असे दोन जोडा. 'कगप' लिहिलेले फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून टाइप करायचे) पर्याय घेऊ नका. साधे दोन्ही इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या ठरलेल्या मांडणीचे आहेत, आणि इनस्क्रिप्टमध्ये एकच उच्चार सगळ्या लिप्यांत त्याच बटणावर असतो. मराठीत 'बेळगाव' लिहायला वाय, एस, शिफ्ट-एन, आय, ई, बी. लेआउट बदलून कन्नडमध्ये 'बेळगावि' लिहायला वाय, झेड, शिफ्ट-एन, आय, ई, बी, एफ. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे वेगळे असतात, म्हणून एसऐवजी झेड, आणि शेवटी वेलांटीचा एफ. बाकी बोटं तिथेच. आपल्या मुलांना दोन्ही भाषा रोज लागतात. एकदा बोटं बसली की दुसऱ्या लिपीसाठी वेगळा कीबोर्ड पाठ करावा लागत नाही. फोनेटिकच्या मोहात पडून हे गमावू नका, सुरुवातीचे पंधरा दिवस जड गेले तरी. 'पुढाऱ्यांचा'मधला अर्धा ऱ्य शिफ्ट-जे, डी आणि भागाकाराच्या तिरप्या रेघेचं बटण असा येतो. तो जमला की मराठीत फारसं काही अडत नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाचे जुने अहवाल श्री-लिपीत आणि काही पत्रं नुडी या कन्नड फॉन्टमध्ये आहेत. लिनक्सवर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइली बिघडल्या का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : फाइली शाबूत आहेत. हे जुने फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीचे. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी किंवा कन्नड आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसला की मूळ इंग्रजी अक्षर उघडं पडतं. जुना विंडोज संगणक अजून चालू असेल तर तो पुसायच्या आधी प्रत्येक फाइल तिथे उघडून पीडीएफ करून ठेवा, म्हणजे मजकूर निदान डोळ्यांना दिसत राहील. मग कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये घ्या आणि पीडीएफ शेजारी ठेवून तपासा. रफार आणि जोडाक्षरं कन्व्हर्टर हटकून चुकवतो, आणि देणगीदारांच्या नावांत तर ही चूक फार वाईट दिसते. तपासायला मंडळातलं जुनं माणूस बसवा, त्याला नावं ठाऊक असतात.

प्रश्न : एक्सपी ठेवून शेजारी लिनक्स टाकलं तर?
– एक विद्यार्थी, शहापूर, बेळगाव

उत्तर : डेबियनचा इन्स्टॉलर सहसा एक्सपी ओळखतो आणि लॅपटॉप सुरू होतानाच्या यादीत तीही दाखवतो. १६० जीबीची डिस्क असेल तर जागेचा प्रश्न नाही. पण एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती एप्रिल २०१४ लाच थांबली, तेव्हा तिच्यातून नेटवर जायचं नाही. डिस्कचे भाग पाडण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घ्या, आणि तो पेनड्राइव्ह इन्स्टॉल करताना लॅपटॉपला लावून ठेवू नका.