सासरे कट्ट्यावर जायचे बंद झालेत, काय करू?

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत, पार्किन्सन्स आहे. आधी रोज संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघात जायचे, रमी, गप्पा सगळं चालायचं. आता कुठेच जात नाहीत, दिवसभर टीव्ही. मित्र घरी आले तरी चेहरा असा ठेवतात की समोरच्याला वाटावं आपण उगाच आलो, मग तेही यायचे कमी झाले. मिस्टर म्हणतात आजारी माणूस आहे, राहू दे आरामात. मला पटत नाही. जबरदस्ती करू का?
– एक सून, नाशिक

उत्तर : जबरदस्ती नको, पण मिस्टरांचंही ऐकू नका. २०१० साली १४८ अभ्यास एकत्र करून, म्हणजे ३ लाखांच्या वर लोकांची माहिती तपासून असं दिसलं होतं की ज्यांचा माणसांशी चांगला संबंध आहे त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण ५० टक्के जास्त. मित्रांमुळे पार्किन्सन्स बरा होतो असा याचा अर्थ नाही हं, पण एकटं बसणं म्हणजे आराम, हे काही खरं नाही.

आता चेहऱ्याचं. तसा चेहरा ते मुद्दाम "ठेवत" नाहीयेत. या आजारात मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, कमी पडलं की चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात, पापण्या कमी लवतात, हसू आतल्या आत राहतं. मित्रांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. तुम्हीच एकदोघांना फोन करून सांगा की काका, बाबा रागावलेले नाहीत, आजारामुळे चेहरा तसा दिसतो, तुम्ही या. आणि बोलताना बाबांना शब्द जुळवायला वेळ लागतो, तेवढ्यात घरातलंच कोणीतरी त्यांच्या वतीने उत्तर देऊन टाकतं (हे आपण सगळेच करतो, प्रेमाने करतो), ते बंद करा, थोडं थांबा, येतं उत्तर.

जात का नाहीत याचं कारण बहुतेक वेळा मूड नसतो, अगदी बारीक गोष्ट असते जी माणूस लाजेने सांगत नाही. चहाचा कप बशीत खडखडतो. लघवीची घाई होते आणि संघाचं बाथरूम जिन्यावर. सात-आठ जण एकदम बोलत असले की आपला बारीक झालेला आवाज कोणाला ऐकूच जात नाही. रमीचे पत्ते हातात धरता येत नाहीत, पडले की सगळ्यांना दिसतात. एकेकावर उपाय आहे. सुताराकडून लाकडी पट्टीला लांब खाच पाडून घ्या, पत्ते त्यात उभे राहतात. चहा अर्धा कप, जड मगमध्ये. आवाजासाठी स्पीच थेरपिस्ट मोठ्याने बोलायचे व्यायाम शिकवतात, ते खरंच उपयोगी पडतात. आणि आठ जणांच्या कट्ट्याऐवजी सुरुवातीला दोनच मित्र घरी बोलवा.

वेळेचं मात्र नीट बघा. लेव्होडोपाची (पार्किन्सन्सवर नेहमी देतात ती) गोळी घेतली की थोड्या वेळाने हातपाय मोकळे होतात आणि पुढच्या डोसच्या आधी परत जखडतात, बऱ्याच जणांचं असं होतं. आठवडाभर वहीत लिहून ठेवा बाबा कोणत्या वेळी मोकळे असतात, आणि मित्रांना त्याच वेळी बोलवा. संध्याकाळी पाचचा कट्टा त्यांच्या जखडलेल्या वेळेत येत असेल तर ते जाणार तरी कसे?

भेटायला येणाऱ्यांनी "आता कसं वाटतंय" एवढंच विचारून जाऊ नये, ते ऐकून माणूस वैतागतो. बाबा आधी नोकरी काय करायचे तुम्ही लिहिलं नाहीये, पण त्यातलं काही विचारायला एखाद्या नातवाला बसवा.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. दोघांशी संपर्क करून बघा. आपल्यासारखंच हात थरथरणारे चार जण समोर बसले की कपाची लाज वाटत नाही.

एक गोष्ट वेगळी. झोप उडालीये, जेवण कमी झालंय, आवडीच्या मॅचमध्येही लक्ष नाही, असं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं. या आजारात ते आजाराचाच भाग म्हणून येतं आणि त्यावर औषध आहे. न्यूरोलॉजिस्टच्या पुढच्या भेटीत वही घेऊन जा आणि हेही सांगा. गोळ्यांच्या वेळा तोवर स्वतःहून बदलू नका.